साडूचे टोमॅटो

"अहो, एक घास खाऊन तर बघा," महानंदा म्हणाली.

मी पेपरात डोकं घातलं. ती मोरीपाशी उभी राहून टोमॅटो खात होती. कापून नाही, अख्खा, मीठ लावून, लहान पोरीसारखा. रस मनगटावरून कोपरापर्यंत चालला होता आणि तिचे डोळे मिटलेले होते. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण माझ्यामुळे तिनं डोळे मिटल्याचं मला आठवत नव्हतं. कपाळावर हात मारताना मिटले असतील तेवढेच.

"शेटेसाहेबांचा माल मला पचत नाही."

"कुणी पिकवलाय ते पोटाला कुठं कळतंय?"

"माझ्या पोटाला कळतं."

हे शेटेसाहेब म्हणजे रेवणसिद्ध शेटे, माझा साडू. महानंदाच्या धाकट्या बहिणीचा, ललिताचा, नवरा. बँकेतून मॅनेजर म्हणून रिटायर झाला, जुळे सोलापुरात बंगला बांधला आणि इस्राएलची सहल करून आला. जाताना माणसासारखा गेला, येताना एक खूळ घेऊन आला. म्हणे मातीशिवाय शेती! रंगाच्या रिकाम्या बादल्या घ्यायच्या, झाकणाला भोक पाडायचं, भोकात जाळीची कुंडी बसवायची. कुंडीत नारळाच्या काथ्यात रोप, खाली बादलीत खत विरघळवलेलं पाणी, आणि त्या पाण्यात मुळं लोंबत ठेवायची. माशांच्या पेटीत असतो तसला पंप लावून पाण्यात बुडबुडे सोडत राहायचे. झालं शेत!

आणि त्या शेताला टोमॅटो लागले. कसले टोमॅटो! मी थापा मारतो असं आमच्या गल्लीत म्हणतात, म्हणून जपून सांगतो. पण त्याचा एक टोमॅटो आमच्या दारातून आत येताना आडवा करावा लागला होता.

दर सोमवारी सिद्धेश्वराच्या दर्शनाला जाताना रेवणसिद्ध स्कूटर आमच्या दारात थांबवायचा. उतरायचा नाही. "वहिनी, वानवळा!" अशी हाक. महानंदा पदर सारखा करत बाहेर. तो भरलेला स्टीलचा डबा द्यायचा आणि मागच्या आठवड्याचा परत न्यायचा. आता नातलगाचा डबा रिकामा परत करायचा नाही, ही आमच्याकडची रीत. म्हणून महानंदा रविवारी दुपारी उखळ काढायची आणि शेंगाचटणी कुटायची. तेल सुटेपर्यंत. कुटताना गुणगुणायची. मी खाटेवर पडून त्या मुसळाचा आवाज ऐकायचो. रेवणसिद्धाच्या डब्यासाठी मुसळ जरा जास्तच तालात पडतंय, असं मला वाटायचं.

तुम्ही म्हणाल, म्हातारा टोमॅटोवर जळतोय. टोमॅटोवर कोण जळतं! गोष्ट जुनी होती. रेवणसिद्ध मुलगी बघायला म्हणून महानंदाच्या घरी पहिल्यांदा गेला, तेव्हा तो ललिताला नाही, महानंदाला बघायला गेला होता. पोहे झाले, चहा झाला आणि ते जमलं नाही. काही दिवसांनी मी गेलो, ते जमलं. पुढच्या वर्षी त्यानं ललिताशी लग्न केलं. का जमलं नव्हतं, कुणी कुणाला नाही म्हटलं होतं, हे मला कुणी सांगितलं नाही. सासरे विचारलं की म्हणायचे, "योग नव्हता, जावईबापू." त्यानं तिला नाकारलं असेल, तर मी म्हणजे बँकेचा मॅनेजर हुकल्यावर हाताला लागलेला, टॉकीजमध्ये प्रोजेक्टर चालवणारा माणूस. महानंदाला मी कधी विचारलं नाही. उत्तर काय येईल, ह्याची धास्ती होती.

तर त्या सोमवारी तिचे मिटलेले डोळे बघून मी पेपर खाली ठेवला आणि म्हटलं, "उद्यापासून मीपण लावणार."

"काय?"

"टोमॅटो. बादलीत."

"तुम्ही?" तिनं हात धुतले, पुसले, आणि मग हसली. "बरं बरं. लावा की."

ते दोनदा 'बरं' मला झोंबलं.

गणपती नुकतेच बसले होते. मी रंगाच्या दुकानातून बादल्या आणल्या, पांढऱ्या, आतलं पाणी बाहेरून दिसेल अशा. मुळं बघायला मिळतील, गल्लीतल्या लोकांना दाखवता येतील. पंप आणला, नळ्या जोडल्या. ज्या माणसानं आयुष्यभर तुटलेली रीळ अंधारात जोडली, आणि जोडेपर्यंत पब्लिकला पुढची गोष्ट खिडकीतून ओरडून सांगितली, त्याला नळ्यांचं काय! गच्चीवर ओळीनं बादल्या मांडल्या, रोपं लावली.

सोमवारी रेवणसिद्धाला बातमी लागलीच. पहिल्यांदा स्कूटरवरून उतरला आणि थेट गच्चीवर आला. मागं हात बांधून बादल्यांसमोरून असा फिरला, जणू बँकेचं इन्स्पेक्शन.

"अण्णा, छान केलंत. पण ह्या बादल्यांतून ऊन आत जाईल. पाणी हिरवं होईल बघा."

"होऊ दे. हिरवाच रंग आवडतो मला."

"आणि पाणी गळ्यापर्यंत भरू नका. वर वीतभर जागा सोडा. मुळांना श्वास घ्यायला लागतो."

"शेटेसाहेब, मुळांना नाक असतं हे इस्राएलात शिकवलं का?"

तो हसला. त्याचं हसणंही व्यवस्थित, कॉलरच्या आत राहणारं. "माझ्याकडचं खत देऊ का? दोन बाटल्या आहेत."

"आमच्याकडे आहे," मी म्हटलं. नव्हतं.

तो जिना उतरून गेला तसा मी पाइप घेतला आणि सगळ्या बादल्या काठोकाठ भरल्या. वीतभर सोडा म्हणे! त्याच्या बोलण्यानं माझ्या बादलीतलं पाणी ठरणार होय?

नवरात्र येईतो पाणी हिरवंगार झालं. नुसतं हिरवं नाही, गुळगुळीत शेवाळ, मुळांना दाढीसारखं लोंबणारं. महानंदा बघून म्हणाली, "भाऊजी म्हणाले होतेच."

हे वाक्य मी आधी कुठं ऐकलं नव्हतं असं नाही. पण माझ्याच गच्चीवर, माझ्याच बादलीबद्दल! मी बाजारात गेलो, काळा रंग आणला आणि सगळ्या बादल्या बाहेरून कोळशासारख्या केल्या. आता आत जाऊन दाखव म्हटलं उन्हाला.

ऊन आत गेलं नाही. ऊन बादलीवर बसलं. सोलापूरचं ते दसऱ्यानंतरचं ऊन, त्याला काळ्या रंगासारखं आवडतं काही नाही. पाणी इतकं तापलं की दुपारी एका झाकणावर कावळा बसला तो दोन्ही पाय आळीपाळीनं उचलत भरतनाट्यम करून उडाला. मी वाढवून सांगतोय असं वाटलं तर शेजारच्या कोळ्यांच्या म्हातारीला विचारा. ती गेली बिचारी, नाहीतर तिनं सांगितलं असतं. मुळं वर काढून बघितली तर शिजलेल्या शेवयांसारखी. रोपं माना टाकून बसलेली.

"चहा टाकते," महानंदा गच्चीच्या दारातून म्हणाली, "का तुमच्या बादलीतलंच पाणी घेऊ?"

"हस तू."

"हसू नको तर काय करू? भाऊजींना एकदा विचारा ना. त्यांच्यात काय लाज?"

"लाज नाही. गरज नाही."

"सोमवारी आले की मीच विचारते."

"खबरदार!"

मी जरा जास्तच जोरात बोललो होतो. मग तिनं खांदे उडवले आणि खाली गेली. थोड्या वेळानं खालून मुसळाचा आवाज यायला लागला. रविवार होता.

मी नवी रोपं आणली. ह्या वेळी ठरवलं, इस्राएलचं खतही नको आणि दुकानातली खताची पावडरही नको. आपलं जीवामृत. शेण, गोमूत्र, गूळ, बेसन. शेतात ह्यानं सोनं पिकतं, तर बादलीत का नाही? अक्कलकोट रोडच्या गोठ्यातून शेण आणलं, सगळं कालवलं, मुरवलं आणि बादल्यांत ओतलं. काठोकाठ. मग पंप चालू केला.

जमिनीला पंप नसतो, हे माझ्या तेव्हा ध्यानात यायला हवं होतं.

गूळ, बेसन आणि बुडबुडे. दुपारी मी आडवा झालो होतो तेव्हा जिन्यातून कसला तरी फसफस आवाज आला. उठून बघतो तर फेस जिना उतरत होता. घाईत नव्हता, एकेक पायरी बघून, पाहुण्यासारखा. वास असा की समोरच्या पिठाच्या गिरणीनं शटर ओढलं. फेस आमच्या उंबऱ्याबाहेर पडला, गटार ओलांडून रस्त्यावर गेला, आणि त्यात एक सायकल अडकली ती दुसऱ्या दिवशी मिळाली.

आणि त्याच वेळी, सोमवार होता ना, स्कूटर आली.

रेवणसिद्धानं नाकाला रुमाल लावला आणि डबा दोन्ही हातांनी उंच धरून, फेसात पाय टाकत टाकत दारापर्यंत आला. "वहिनी, वानवळा," हळूच म्हणाला. महानंदा दारात आली. दोघांनी फेसाकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग एकमेकांकडे. आणि दोघं एकदम हसायला लागले. इतके हसले की महानंदानं दाराची चौकट धरली. रेवणसिद्धाच्या कॉलरच्या बाहेर पहिल्यांदाच हसू आलेलं मी बघितलं.

दोघं मिळून! मला फेसात बुडून जावंसं वाटलं.

त्या संध्याकाळी मी बादल्या धुवायला खाली नेत होतो. रागात माणसाचे हात सरळ चालत नाहीत. एक बादली जिन्यावरून निसटली, गडगडत गेली आणि तिला मध्यावर आडवी चीर पडली. बाकीच्या बादल्या मी पालथ्या घातल्या आणि ठरवलं, पुरे. पण एक रोप शिल्लक होतं, अजून जीव धरून होतं. ते टाकवेना. ते त्या फुटक्या बादलीत बसवलं, पावडर घातलेलं साधं पाणी भरलं. चिरेवर ओलं गोणपाट गुंडाळलं आणि बादली पाण्याच्या टाकीच्या मागं सावलीत ढकलली. सावलीत का? तर रेवणसिद्ध पुन्हा गच्चीवर आला तर त्याला दिसू नये म्हणून. दुसरं काही कारण नव्हतं. मी रोज पाणी भरायचो, रोज ते चिरेपर्यंत गळायचं, गोणपाट भिजायचं. मी शिव्या घालायचो आणि पुन्हा भरायचो.

दिवाळीत मला त्या रोपाकडे धड बघायलाही सवड नव्हती, नुसतं येताजाता पाणी ओतायचो. दिवाळीनंतर एकदा टाकीचा कॉक बघायला मागं गेलो, तर रोप टाकीच्या वर डोकं काढून उभं! मी झाकण उचललं. चिरेच्या वरच्या रिकाम्या जागेत मुळांचा पांढराशुभ्र ब्रश झाला होता, हवेत, कोरडा नाही, दमट. खालची मुळं थंड पाण्यात. गोणपाटाला हात लावला, माठासारखं गार.

मी तिथंच टाकीला टेकून बसलो. वर वीतभर जागा. पाणी गार. ऊन आत नाही. रेवणसिद्धानं सांगितलेलं सगळं, आणि तो न सांगता जे करत असेल तेही, माझ्या फुटक्या बादलीनं आपणहून केलं होतं. मला न विचारता. मला त्या बादलीचाही राग आला. फितूर!

पण राग फार टिकला नाही. मी ड्रिल आणलं आणि पालथ्या घातलेल्या सगळ्या बादल्यांना मध्यावर एकेक भोक पाडलं, गोणपाटं गुंडाळली, नवी रोपं लावली. महानंदाला सांगितलं नाही.

संक्रांतीला सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेचे दिवस आले आणि त्या पहिल्या झाडाचे टोमॅटो पिकले. मी ते तिच्या पुढ्यात ठेवले. खोटं कशाला सांगू, आकार लिंबापेक्षा जरा मोठा. पण लाल असे की टाकीमागं दिवा लागल्यासारखं वाटायचं.

"कुणाचे?" ती म्हणाली.

"माझे."

"चला! बाजारातून आणले असतील."

मी तिला हाताला धरून गच्चीवर नेलं. ती टाकीमागं वाकली, झाडाला हात लावला, गोणपाट चाचपलं. मी वाट बघत होतो. एक टोमॅटो खाईल, डोळे मिटेल. तिनं खाली येऊन टोमॅटो ओट्यावर ठेवले आणि रविवारची चटणी कुटायला घेतली.

"चटणी राहू दे," मी म्हटलं. "उद्याच्या डब्यात हे टोमॅटो जाऊ देत."

मुसळ थांबलं. "अहो, पण चटणी पाठवायची असते की."

"रिकामा डबा पाठवू नये एवढीच रीत आहे. चटणीच पाठवावी असं कुठं आहे?"

"तरी पण—"

"तरी पण काय?"

तिनं उखळावर ताट झाकलं. ते झाकणं मला आवडलं नाही. उखळात अर्धवट कुटलेल्या शेंगा तशाच राहिल्या.

सोमवारी रेवणसिद्ध यायच्या आधीच मी डबा घेतला आणि बसनं जुळे सोलापूर गाठलं. त्याच्या दारात उभा राहून हाक मारली, "शेटेसाहेब, वानवळा!" शब्द उच्चारायला काय गोड वाटला!

रेवणसिद्ध बाहेर आला. देवळात जायच्या तयारीत, कपाळाला विभूती. डबा बघून त्याचा चेहरा असा उजळला की मी चमकलो. त्यानं घाईनं झाकण उघडलं. आणि चेहरा विझला.

"टोमॅटो?"

"माझ्या बादलीतले. बघा तर!"

"हो, हो. छान आहेत." तो डब्यात बघत राहिला. मग टोमॅटो बोटानं बाजूला सारले, खाली काही आहे का बघितलं. "चटणी नाही का आली?"

आतून ललिता हसायला लागली. ती पदराला हात पुसत बाहेर आली. "भावजी, आता ह्यांचं शेत बसलं बघा. आता कशाला लावतील बादल्या?"

"म्हणजे?"

"अहो, हे टोमॅटो खातात तरी का? पित्त आहे ह्यांना. एक फोड खाल्ली तर रात्रभर सोडा पितात." तिनं नवऱ्याच्या हातातला डबा काढून घेतला. "अक्काच्या हातची चटणी हवी. आता म्हातारपणी दर आठवड्याला मेहुणीकडे चटणी मागायला तोंड नको? म्हणून हे टोमॅटो. डबा गेला की डबा येणार."

"ललिता, पुरे," रेवणसिद्ध म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते, टोमॅटोपेक्षा.

"पुरे कशाला? मी कुटली की म्हणतात, लसूण जास्त. अक्काची कशी बरोबर असते. लग्न झाल्यापासून ऐकतेय!"

मी तिथल्या पायरीवर बसलो. मला हसू येत होतं आणि जळजळतही होतं, दोन्ही एकदम. बँकेचा मॅनेजर, बंगला, इस्राएल, आणि हा माणूस माझ्या घरातल्या मुसळासाठी बादल्या भरत होता! मी रविवारी जे पडून ऐकायचो, ते ह्याच्या जिभेवर सोमवारी पोचायचं.

"मग तेव्हा तुम्ही तिला नकार का दिलात?" माझ्या तोंडून गेलंच. इतकी वर्षं दाबलेलं, त्यांच्या पायरीवर सांडलं.

ललितानं डबा खाली ठेवला.

"मी?" रेवणसिद्ध म्हणाला. "मी कुठं नाही म्हणालो?"

"भावजी!" ललितानं गालावर हात ठेवला. "अक्कानं नाही म्हटलं होतं. तुम्हाला माहीत नाही? अप्पांना तोंड दाखवायला जागा राहिली नाही, म्हणून तर मला विचारलं. मी म्हटलं, मला चालेल, मला नीटनेटकी माणसं आवडतात." तिनं नवऱ्याकडे बघितलं. "चटणी सोडली तर बरे आहेत हे."

रेवणसिद्ध घसा खाकरून म्हणाला, "अण्णा, चहा घेऊन जा." मी घेतला नाही. बसमध्ये उभाच राहिलो, जागा असून.

घरी आलो तर महानंदा उखळापाशी बसली होती, अर्धवट चटणी पुरी करत.

"आवडले का भाऊजींना?"

"तू शेट्याला नकार का दिलास?"

मुसळ हातात तसंच राहिलं. मग तिनं ते भिंतीला टेकवलं. "आत्ता विचारताय?"

"आत्ता कळलं."

"अहो, तो आला, खुर्चीवर बसला आणि अप्पांना म्हणाला, तुमचं घड्याळ मागं आहे. मग म्हणाला, दाराची बिजागरी उलटी बसवलीय. मग चहात साखर जास्त आहे. सगळं बरोबर होतं हो! घड्याळ मागंच होतं. पण मी आत उभी होते, मला धाप लागली. म्हटलं, जन्मभर हा बरोबरच असणार."

"आणि मी?"

"तुम्ही!" तिच्या खांद्यांना हसू सुटलं. "टेबलफॅन खडखड करतोय म्हणून तुम्ही तो उघडलात. कुणी सांगितलं नव्हतं. म्हणे, प्रोजेक्टर चालवतो, पंखा काय चीज आहे. जोडल्यावर तीन स्क्रू उरले, ते खिशात घातलेत. बटण दाबलं, तर पातं सुटून पोह्यांच्या ताटात. मामांच्या टोपीत शेंगदाणे. आणि तुम्ही काय म्हणालात? 'आता आवाज येत नाही.' मी आत पदर तोंडात कोंबून हसत होते. म्हटलं, ह्या माणसाच्या घरात रोज काहीतरी घडेल."

माझा हात खिशाकडे गेला, जणू ते तीन स्क्रू अजून तिथंच होते.

तिनं ओट्यावर राहिलेला माझा टोमॅटो घेतला, पदराला पुसला आणि चावला. "आंबट आहे," म्हणाली, आणि दुसरा घास घेतला. मग म्हणाली, "पण चटणी पाठवायची हं दर सोमवारी. माणूस उपाशी नको ठेवायला."

मी म्हटलं, पाठव की. मीच पोचवत जाईन, त्या शेटेसाहेबाला म्हातारपणी स्कूटर कशाला.

तेव्हापासून डबा मीच न्यायचो. बसचा रस्ता लांब, चटणीचा डबा मांडीवर, आणि कडक भाकरी मी घरूनच खिशात घालून निघायचो. रेवणसिद्ध आता नाही. पण शेवटपर्यंत त्याची समजूत अशी होती, की महानंदाचा हात आखडता झाला.